बारशाला जेवलेली कथा

जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ म्हणजे एड्सचं रूपक, असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. पुरावा काय, तर रक्तपरीक्षेचा तो प्रसंग: काचेच्या बशीत रक्त, त्यात चरचरणारी तापली तार, समोर बांधून बसवलेले सहकारी. आता सिनेमा आला जून १९८२मध्ये आणि अमेरिकी आरोग्य यंत्रणेने ‘एड्स’ हे नाव वापरलं त्या सप्टेंबरात. मूळ कथा तर कॅम्पबेलची, १९३८ सालची. रक्तपरीक्षा तिच्यातही आहे. म्हणजे ही कथा रोगाच्या बारशाला जेवलेली! पण रूपकवाल्यांना तारखांचं वावडं. २०२०मध्ये तोच सिनेमा करोनावरचा ठरला. विजेचे झटके देऊन रुग्णाला जगवू पाहणाऱ्या डॉक्टरचे दोन्ही हात त्यात रुग्णाची छातीच तोडून खाते. हे मात्र मेडिक्लेमवाल्यांनी मनावर घ्यावं.