शेकाटे काकांचं आडनाव

दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की तिसऱ्या वाक्याला आडनाव निघतं, चौथ्याला "मूळचे कुठले?" आणि पाचव्याला "म्हणजे वाईच्या त्या अमक्यांचे तुम्ही कोण?" सहाव्या वाक्याला एक तर नातं निघतं, नाही तर जुनी भाऊबंदकी. मैत्रीला मध्ये जागाच उरत नाही. ही चौकशी चुकवून माणसं जोडायचा एकच खात्रीचा उपाय मला ठाऊक आहे. पहाटे पाचला उठायचं, गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि पक्षी बघायला जायचं.

आमचा अड्डा म्हणजे कवडीपाट. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. पुण्यानं आठवडाभर नदीत जे जे सोडलेलं असतं ते ते इथं येऊन अडतं. त्यामुळे एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल, हा इथला रीतसर पवित्रा. पक्ष्यांना मात्र ही जागा कोण आवडते! लडाख-तिबेटकडून चक्रवाकांच्या जोड्या हिमालय ओलांडून येतात आणि आपल्या थर्मोकोलच्या ताटल्यांमध्ये सुखानं पोहतात. एकदा आमच्या सबंध गटानं एक पांढराशुभ्र बगळा बराच वेळ श्वास रोखून पाहिला. तो जराही हलेना. वहीत नोंद झाली, फोटो निघाले. मग वारा आला आणि बगळ्याच्या पोटावर किराणा दुकानाचं नाव दिसलं.

असली फजिती चारचौघांनी मिळून सोसली की ओळखदेख करून द्यावी लागत नाही.

"नावं ठाऊक नसलेल्या माणसांबरोबर तू अंधारात नदीवर जातेस?" आमच्या ह्यांनी सुरुवातीला विचारलं होतं.

"नावं आहेत की," मी म्हटलं. "एक कोतवाल आहे, एक वंचक..."

हे त्या दिवशी चहा न पिताच उठले.

पण खरोखरच आमच्यात नावं अशीच पडतात. कोतवाल पक्षी घारीलासुद्धा हुसकावून लावतो; आमच्या कोतवालबाई रील काढायला आलेल्या पोरांना बंधाऱ्यावरून हुसकावतात. वंचक चिखलात असा बेमालूम बसतो की उडेपर्यंत दिसत नाही; आमचा वंचक पोह्यांचा डबा उघडेपर्यंत कुणाला दिसत नाही. आणि शेकाट्या हा काडीसारख्या लांबलचक लाल पायांचा पाणपक्षी. एक उंच, सडसडीत गृहस्थ थंडीतही हाफ पँट घालून, उथळ पाण्यात एकेक पाऊल जपून टाकत चालायचे. त्यांचे झाले शेकाटे काका. नव्या मंडळींना ते त्यांचं आडनावच वाटतं, आणि काकाही त्या हाकेला ओ देतात. ज्याचं नाव पडतं त्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं, हा इथला शिरस्ता. माझं काय ठेवलंय म्हणून विचारलं की सगळे घाईघाईनं दुर्बिणी डोळ्यांना लावतात.

भांडणंही होतात. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो, आणि तेवढ्यावरून आमच्यातल्या दोन ज्येष्ठांचा अबोला हिवाळाभर टिकला. अबोल्यातही ते एकाच स्कूटरवरून येत होते.

हे वेड आपल्याकडे जुनं आहे. 1883 मध्ये मुंबईतल्या आठ निसर्गवेड्यांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. तिचा संसार पुढे थाटला गेला तो फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत. तिथं विल्यम नावाचा एक धनेश पक्षीही मुक्कामाला असे. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे. 1908 च्या सुमारास याच संस्थेत एक शाळकरी मुलगा स्वतःच मारलेली एक चिमणी घेऊन गेला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती कोणती, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. सचिव मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून त्याला दाखवले. वाचायला पुस्तकंही दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. कुठं तो साहेब, कुठं हे पोरगं; वय, वर्ण, हुद्दा कशाचाच मेळ नाही. मध्ये एक चिमणी होती म्हणून जमलं. एकमेकांकडे बघत बसलं की माणसाला माणसातली खोट दिसते. दोघांनी मिळून तिसरीकडे बघितलं की खोट बघायला सवडच होत नाही, असं माझं आपलं मत.

या पद्धतीत एक अडचण आहे, ती मागच्या हिवाळ्यात कळली. सकाळी ग्रुपवर काकांचा निरोप आला. वर इस्पितळाचं नाव आणि खाली, "ॲडमिट. गुडघा बदलला. खिडकीबाहेर पिंपळ. तांबट 2."

संध्याकाळी आम्ही चौघं इस्पितळाच्या काउंटरपुढे उभे.

"पेशंटचं नाव?"

"शेकाटे," कोतवालबाई ठणकावून म्हणाल्या.

"फर्स्ट नेम?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वर्षानुवर्षांची मैत्री. त्यांची दुर्बीण आठ बाय बेचाळीसची आहे, चहात साखर चालत नाही आणि घुबड दिसलं की त्यांचा आवाज घोगरा होतो, एवढं सगळं पाठ. पण नाव म्हणाल तर...

"शेकाटे नावाचे कुणीच नाहीत इथे," मुलगी म्हणाली. "नात्यानं कोण तुम्ही त्यांच्या?"

तेव्हा वंचक पुढे झाला आणि त्यानं पक्षी ओळखायची रीतच लावली. "आकार उंच, बारीक. रंग सावळा. डोक्यावर मधोमध टक्कल, कडेनं पांढरे केस. पाय प्रमाणाबाहेर लांब. शक्यतो खिडकीपाशी आढळतो. आवाज करत नाही."

मुलगी फोनकडे हात नेऊ लागली, बहुधा सुरक्षारक्षकासाठी. तेवढ्यात मागून जाणारे वॉर्डबॉय मामा थबकले. "ते दुर्बीणवाले बाबा का? तीनशे चार! माझ्याकडून रोज पिंपळावरचे पक्षी मोजून घेतात."

खोलीत काकांचा मुलगा होता. आम्ही चौघं ओळीनं आत शिरल्यावर त्यानं साहजिकच विचारलं, "तुम्ही बाबांच्या बँकेतले?"

म्हणजे काका बँकेत होते तर!

"बाबा घरी फारसे बोलत नाहीत," तो जरा ओशाळून म्हणाला. "तुमच्याशी बोलत असतील ना?"

"छे, तिथंही नाही," वंचक म्हणाला. "पक्षी उडतील ना."

पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर काकांचं खरं नाव आणि आडनाव होतं. आम्ही ते वाचलं. त्यांना मुळीच शोभत नव्हतं. मग तासभर आम्ही खिडकीला चिकटलो, तांबटाचं ढोलीतलं येणं-जाणं पाहिलं, आणि डबा उघडल्याबरोबर वंचक दिसू लागला.

निघताना मुलानं फोन काढला. "काकू, तुमचा नंबर देऊन ठेवा. बाबांना कुठं न्यायचं-आणायचं झालं तर बरं. काय नावानं सेव्ह करू?"

मी तोंड उघडणार, तोच औषधांच्या गुंगीतले काका उशीवरून म्हणाले,

"टिटवी."