चिप्सचे अभ्यंगस्नान

लास व्हेगासमधील ‘सँड्स’ हे द्यूतगृह १९९६ साली सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. परंतु तेथे डावावर लावावयाच्या ज्या मातीमिश्रित चिप्सवर आता कोणताही खजिनदार छदाम मोजणार नाही, त्या संग्राहकांच्या दिवाणखान्यात कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ टूथब्रश यांच्या साहाय्याने असंख्य हरलेल्या हातांचा मळ सोडीत असतात. नंतर, आपल्या अभ्यंगाच्या नेमक्या उलट क्रमाने, खनिज तेलाचा पुसट हात फिरवून रंगास उजाळा द्यावयाचा. मात्र सोनेरी अक्षरांवर घर्षण किंचित अधिक झाले, की अक्षरांसमवेत किंमतही उडते. त्यातून, जी चिप कोणी कधी डावावर लावलीच नाही, तिचाच भाव सर्वांत चढा. म्हणजे जुगाराचा लवलेशही अंगावर नसलेला जुगाराचा दस्तऐवज पैदा करण्यासाठी ही सारी मशागत, आणि तेलाची बाब गुलदस्त्यात ठेवून तोच ‘अस्पर्शित’ म्हणून खपविणारा इसमही संग्राहकांच्या त्याच दरबारात रुजू.