हात लावू नका, ओरिजिनल आहे

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली झाकलेली एक गाडी असते. कव्हराला नाड्या, नाड्यांना निरगाठी आणि त्या निरगाठींवर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एका गृहस्थांची नजर. मुलांचा चेंडू त्या बाजूला गेला की खेळ थांबतो आणि तो आणायला कोणी जायचं यावर चिठ्ठ्या पडतात. गाव बदललं की गाडी बदलते. कोल्हापुरात जावा असते, नाशकात लॅम्ब्रेटा, दादरला एखादी मॉरिस. माणूस मात्र सगळीकडे तोच. आम्ही त्याला ओरिजिनलराव म्हणतो.

आमच्या पुण्यातल्या ओरिजिनलरावांकडे १९५६ सालची फियाट आहे. नाकाडाच्या ठेवणीमुळे अख्खा महाराष्ट्र जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखतो, तीच. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारे. इंजिन अकराशे सीसीचं म्हणालात तर ते तुम्हाला थांबवून ‘एक हजार एकोणनव्वद’ अशी दुरुस्ती करतात. अकरा सीसी कुणी फुकट वाढवून दिलेलेही त्यांना चालत नाहीत.

या माणसाची पारख अगदी सोपी आहे. गाडीला ‘काय चकाकतेय हो!’ म्हणून पाहा, त्यांचा चेहरा पडतो. चकाकणारी गाडी म्हणजे रंगवलेली गाडी, आणि रंगवलेली गाडी म्हणजे बाटलेली गाडी. त्याऐवजी ‘रंग जरा उडालाय’ म्हणा, लगेच चहा येतो. त्यांच्या गाडीचा रंग फिकट हिरवा आहे, कडेकडेने भेगाळलेला. या भेगांचे त्यांनी फोटो काढून ठेवलेत, दर वर्षीचे वेगळे. मागच्या काचेचं रबर आंबलंय, ते ओरिजिनल. घड्याळ बंद आहे, ते ओरिजिनल बंद. घरात कुणी विडीकाडी ओढत नाही, पण ॲश-ट्रेमध्ये राख आहे. गाडी मूळची सासऱ्यांची, म्हणून राखही त्यांच्याच सिगारेटची. सासऱ्यांच्या अस्थी रीतसर नाशिकला गेल्या, राख मात्र अजून डॅशबोर्डात आहे.

गाडीची अडचण एकच. ती चालत नाही.

मिस्त्री येतो, बॉनेट उचलतो आणि व्यवहाराचं बोलतो. ‘काका, माझ्याकडं पद्मिनीचं कार्बोरेटर पडलंय. टॅक्सीतनं काढलेलं. अर्ध्या तासात गाडी बोलायला लागंल.’

‘टॅक्सीचं?’ ओरिजिनलराव एक पाऊल मागे सरतात.

‘एकाच घराण्यातलं इंजिन आहे की.’

‘घराणं एक असलं तरी पत्रिका बघावी लागते.’

मिस्त्रीचं काही चुकत नव्हतं. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी ही फियाट कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायची आणि पुढे पद्मिनीही तिथेच झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. अशा किती गाड्या सुटे भाग होऊन कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात पोचल्या असतील, कोण जाणे. म्हणजे जिथे जन्म तिथेच अंत्यविधी. ओरिजिनलराव त्या बाजारात जातात, पण टॅक्सीच्या ढिगाकडे पाठ करून उभे राहतात. बुधवार-रविवारी आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांची फेरी असतेच. तिथून त्यांनी एकदा दरवाजाचं एक हँडल आणलं. ते बसलं नाही, पण साल बरोबर होतं, म्हणून ते काचेच्या कपाटात आहे. घरातली चांदीची भांडी माळ्यावर आहेत.

वहिनी या सगळ्याकडे काणाडोळा करतात. त्यांना स्वतःला ओरिजिनलपणाचा जाच निराळ्या वाटेने होत आलाय. ‘आईच्या आमटीला जी चव होती ती नाही,’ हे वाक्य त्यांनी या घरात इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आमटी वाढताना आता त्याच ते आधी म्हणून टाकतात.

आता गंमत अशी, की हेच ओरिजिनलराव सदाशिव पेठेतल्या त्यांच्या आजोबांच्या वाड्याचे एक वारस. वाडा शंभरी ओलांडलेला, सागवानी खांब, तुळया, चौकात हौद. बिल्डरचा माणूस आला तेव्हा सह्या करणाऱ्यांत यांची सही पहिली. तुळया घनफुटाच्या भावाने गेल्या. दिंडीदरवाजा मुळशीकडच्या एका रिसॉर्टने नेला, तिथे आता त्याला टेकून लोक सेल्फी काढतात. त्याचं यांना काही वाटलं का? वाटलं. पार्किंग एकच मिळालं, याचं वाटलं. वाड्यात राहायचं म्हणजे सामायिक संडास, गळकी कौलं, भाडेकरूंशी कोर्टकज्जे. गाडीचं तसं नाही. तिच्यात कुणाला राहायचं नसतं. जे वापरावं लागत नाही ते जसंच्या तसं जपायला माणूस एका पायावर तयार असतो.

तर एके दिवशी पेपरात बातमी आली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीची वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा मोटार हवी. मूळ स्वरूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्याने नंबर घेणाऱ्यांना पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळणार आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येणार. ओरिजिनलरावांच्या गाडीचा नंबर मुंबईचा, ‘बीएम’ने सुरू होणारा, हाताने रंगवलेला. तो राहणार म्हटल्यावर त्यांनी बातमी कापून लॅमिनेट केली. क्लबवाले त्यांच्या गाडीला ‘क्लासिक’ म्हणायचे, ‘व्हिंटेज’ म्हणायला त्यांना आणखी जुनी गाडी लागायची. सरकारने मात्र पन्नाशीलाच मान दिला. सरकार आपल्यापेक्षा उदार निघाल्याचा ओरिजिनलरावांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

नियमाचा पुढचा भाग त्यांनी मोठ्याने वाचला नाही. ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, झालंच तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येईल. म्हणजे वहिनींना मंडईत सोडायला नाही. वहिनी म्हणाल्या, ‘मग आता काय वेगळं आहे?’

कागदपत्रांपासून सुरुवात झाली. गाडी अजून कैलासवासी सासऱ्यांच्याच नावावर. मालकाच्या निधनानंतर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला लागतो, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. मेहुण्यांनी ना-हरकत इतक्या उत्साहाने दिली, की कुणालाही शंका यावी. एका मेहुण्याने तर वरून ‘परत मागणार नाही’ असंही लिहून दिलं. मग कळलं की गाडी कॉम्प्युटरवर दिसतच नाही. आरसी बुक जुन्या काळचं, कापडी बांधणीचं, शाईने भरलेलं. म्हणून आधी बॅकलॉग एन्ट्री. काम करून देणारा एजंट म्हणाला, ‘काका, बुकाची झेरॉक्स द्या.’ बुकाची पानं झेरॉक्सच्या उजेडाने फिकी पडतील म्हणून ओरिजिनलरावांनी स्वतःच्या हाताने त्याची नक्कल उतरवून नेली. एजंटने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘ही कुणाची कविता आहे?’

मधल्या काळात आणखी एक संकट येऊन गेलं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावण्याचं महाराष्ट्रात फर्मान निघालं. सोसायटीत सगळे अपॉइंटमेंट घेत सुटले. ओरिजिनलराव रात्री खाली उतरून हाताने रंगवलेल्या आपल्या पाटीवरून बोट फिरवताना वॉचमनला दिसले. वॉचमनने सकाळी चौकशी केली, ‘काकांच्या घरी सगळं ठीक आहे ना?’

अखेर तपासणीचा दिवस ठरला. तोवर मिस्त्रीने मूळ कार्बोरेटरच सोडवून, धुऊन, पुन्हा जोडून गाडी कशीबशी बोलती केली होती. पीयूसीच्या नळीने एकदा खोकून आकडे दाखवले, तेही पदरात पडले. पण नवी नोंदणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही आणि टायरही झिजायचे नाहीत, म्हणून रस्त्यावर चालण्याची परवानगी मागायला ही गाडी ट्रकवर बसून गेली. मागे लाल रिफ्लेक्टर हवेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. पत्र्याला भोक पाडणं तर अशक्य. त्यांनी ते एका पट्टीवर लावले आणि पट्टी सुतळीने बंपरला बांधली. सुतळी मात्र नवी होती, त्याबद्दल ते दिवसभर अपराधी वाटून घेत होते.

तपासणीला आलेल्या सहायक मोटार वाहन निरीक्षक बाई तरुण होत्या आणि कामाला चोख. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, टॉर्च मारला. ‘काका, चेसिस नंबर कुठाय?’

‘हा इथे.’

‘इथे रंग आहे.’

‘रंगाच्या खाली आहे.’

चेसिस नंबरचा छाप घ्यायची पद्धत सगळीकडे एकच. ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. शिशाच्या काळ्यावर आकडे पांढरे उमटतात. ओरिजिनलरावांनी कागद धरला, पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला. एक तीन उमटल्यासारखा वाटला, तोही आठ असू शकत होता. बाईंनी दुसरा कागद दिला, तोही काळा. ‘थोडं खरवडा,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘पॉलिश पेपर मारला तरी पुरेल.’

‘ओरिजिनल रंग आहे, मॅडम.’

‘हो, पण गाडी ओरिजिनल आहे हे मला नंबर वाचूनच ठरवावं लागेल ना?’

ओरिजिनलपणा सिद्ध करायचा तर तो खरवडावा लागणार, या पेचात ओरिजिनलराव बराच वेळ उभे होते. शेवटी मिस्त्रीनेच त्यांना बाजूला सारलं. काजूएवढा पॉलिश पेपर फाडला, त्यावर थेंबभर रॉकेल टाकलं आणि दोन बोटांनी हळूहळू फिरवायला लागला. हिरवा रंग पातळ झाला, दुधी झाला, सरला. त्याच्या खाली पत्रा यायला हवा होता. आला राखाडी रंग. चांगला जाड, एकसारखा, गुळगुळीत, कारखान्याच्या हाताचा.

‘काका, हिरवा वरचा दिसतोय,’ मिस्त्री म्हणाला.

बाईंनी आरसी बुक उघडलं, रंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. शाई पुसट होती, पण वाचता येत होती: ग्रे. खाली नंबरही उमटला, स्वच्छ. तीनचा तीन आणि आठचा आठ. चेसिस जुळली, इंजिन जुळलं, बॉडीला धक्का नाही. रंगाचं नियमात कलमच नव्हतं, त्यामुळे बाईंना काही हरकत नव्हती. त्यांनी शेरा लिहिला आणि म्हणाल्या, ‘छान ठेवलीय गाडी.’ कायद्याने तीनच गोष्टी मागितल्या होत्या, तिन्ही हजर होत्या. ओरिजिनलराव मात्र चौथ्या गोष्टीच्या सुतकात घरी आले.

इतकी वर्षं ज्या भेगांचे फोटो काढले त्या कुणाच्या भेगा? ज्या रंगाला मुलांचा चेंडू लागू दिला नाही तो कुणी लावला? ही तक्रार त्यांनी जेवताना बोलून दाखवली, तेव्हा वहिनी आमटी वाढत होत्या.

‘बाबांनी लावला,’ त्या म्हणाल्या. ‘आपल्या लग्नाला. त्र्याहत्तरचा मे महिना, दुष्काळाचं साल. जेवणावळ आखडती घ्यायची ठरलं, म्हणून निदान वरात तरी चांगल्या गाडीतून निघावी असं त्यांना वाटलं. दादरच्या गॅरेजमध्ये आठ दिवस होती गाडी. तुम्ही त्यातच बसून आलात.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘मला कुणी विचारलं?’

ओरिजिनलरावांनी त्या रात्री हिरवा रंग उतरवून राखाडी उघडा करण्याचा विचार केला. सकाळी तो सोडून दिला. गाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती हिरवी होती. त्याआधीची सतरा वर्षं त्यांच्या दृष्टीने इतिहासपूर्व काळ. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्यांनी आम्हा चारचौघांसमोर निकाल जाहीर केला. ‘नियम काय सांगतो? पन्नास वर्षं. रंग त्र्याहत्तरचा. म्हणजे रंगाचीही पन्नास वर्षं भरली. कायद्याने तोही आता व्हिंटेज.’ मग खरवडलेल्या काजूएवढ्या जागेवर त्यांनी पारदर्शक टेप लावली. तेवढा राखाडी तुकडाही आता ओरिजिनल म्हणून जपला जातो.

वहिनी जिन्यात पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता म्हणाल्या, ‘मीही त्याच महिन्यात या घरात आले. माझीही पन्नास भरली. आता मोठा फेरफार चालणार नाही.’

त्या दिवसापासून त्या घरात आमटीबद्दल कुणी काही बोलत नाही.