स्वागताचं भाडं

ज्याचं स्वागत त्यानंच खर्च करायचा, ही पद्धत आपल्याकडे पूर्वी फक्त साहित्य आणि समाजसेवा या दोन क्षेत्रांत होती. शाल सत्कारमूर्तीनं आणायची, नारळ मंडळानं. आता ती पद्धत कॉलेजात आली आहे. आमच्या नातीनं यंदा नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात नाव घातलं आणि ऑगस्ट लागतो न लागतो तोच घरात बातमी आली. कॉलेजात ‘फ्रेशर्स वीक’ आहे, सिनियर मुलं नव्या मुलांचं स्वागत करणार आहेत, आणि स्वागत करून घ्यायचे ७०० रुपये पडतात.

प्रकरण माझ्याकडे आलं त्याला कारण आहे. मी पूर्णेचा. मनमाडकडून सिकंदराबादकडे जाणारी लाइन आणि हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला जाणारी लाइन जिथे फुटतात, त्या जंक्शनवर उभी नोकरी टीसी म्हणून काढली. मीटरगेज पाहिली, ब्रॉडगेज पाहिली, अकोल्याचा फाटा २००८ साली रुंद झाला तोही पाहिला. आमच्या घरी पास हा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा असतो. निदान पहिला तरी.

“दाखव,” मी म्हटलं. ही सवयच.

तिनं मोबाइल पुढे केला. त्यावर दरपत्रक होतं. तीन दिवसांचा कॉम्बो पास ७००. एका दिवसाचा ३५०. शेवटच्या दिवसाचा एकट्याचा ४५०, कारण त्या दिवशी डीजे आणि जेवण. रविवारच्या आत घेतला तर कॉम्बो ६००, आणि ऐन वेळी दारात घेतला तर ९००. म्हणजे यांनी तत्काळसुद्धा ठेवलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पैसे परत मिळणार नाहीत आणि पास दुसऱ्याला देता येणार नाही.

“दुसऱ्याला दिला तर कळणार कसं? आमच्या मासिक पासाला ओळखपत्र लागतं, त्यावर फोटो असतो.”

“मनगटाला कागदी पट्टी बांधतात, आबा. एकदा चिकटली की फाडूनच काढावी लागते.”

हे मात्र मला आवडलं. आमच्या काळात ही युक्ती कुणाला सुचली असती तर माझं निम्मं भांडण वाचलं असतं.

पण दर काही घशाखाली उतरेना. मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज असा सेकंड क्लासचा मासिक पास रेल्वे फुकट देते. मुलांना बारावीपर्यंत फुकट, पुढे सवलतीत. तेव्हा ही पोरगी रोज सकाळी पूर्णेहून निघणार, चुडावा, लिंबगाव करत तीसेक किलोमीटर जाणार, संध्याकाळी तेवढीच परत येणार, आणि महिनाभर या सगळ्याचं भाडं शून्य. आणि कॉलेजच्या हॉलच्या दारातून आत जायचं, जे अंतर माझ्या अंदाजानं पाच फूट आहे, त्याचे ७००. विनातिकीट सापडलेल्या माणसाकडून आम्ही भाडं घ्यायचो आणि वर दंड कमीत कमी २५०. म्हणजे आमच्याकडे चोरून येणारासुद्धा यांच्या पाहुण्यापेक्षा स्वस्तात सुटतो. हे मी घरात मोठ्यानं बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही.

“प्लॅटफॉर्म तिकिटासारखं काही नाही का?” मी विचारलं. “१० रुपये द्यायचे, दोन तास आत उभं राहायचं, सगळं बघायचं, पण कशात चढायचं नाही.”

“आबा, प्लीज.”

आता सरकारी स्वागत म्हणून एक असतं, ते फुकट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. नवी मुलं बुजू नयेत, त्यांची शिक्षकांशी आणि आपापसांत ओळख व्हावी, हा हेतू. हेतू चांगला आहे, मी त्यावर काही बोलणार नाही. नात त्याला जाऊन आली होती. प्राचार्यांचं भाषण झालं, ग्रंथालयाचे नियम झाले, रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र भरून झालं. “मग ओळख कुणाशी झाली?” म्हणून विचारलं तर म्हणाली, “पंख्याशी. बरोब्बर डोक्यावर होता.” फुकटच्या स्वागताला हजेरी सक्तीची आणि कुणाला जायचं नाही, विकतच्या स्वागताला सक्ती नाही आणि सगळ्यांना जायचंय. यातलं अर्थशास्त्र कुणी तरी शिकवायला पाहिजे.

सिनियरांनी स्वागत करण्याची प्रथा तशी जुनीच. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा झाला, त्याआधी हे स्वागत फुकट व्हायचं आणि ज्याचं व्हायचं तो महिनाभर घरी तोंड उघडायचा नाही. त्या मानानं ७०० रुपये ही प्रगतीच म्हणायची.

आमच्या वेळी नांदेडची कॉलेजं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ सालचं, तोवर मी काळा कोट घालून जुना झालो होतो. आमचा स्वागत समारंभ म्हणजे एक पेढा, वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर चिवडा, आणि तरुणांनी खेड्याकडे वळावं असं सांगणारे एक पाहुणे. आम्ही संध्याकाळच्या मीटरगेजनं तसेही खेड्याकडेच वळायचो.

घरात मग बैठक बसली. मुलगा म्हणाला, “देऊन टाका, एवढं काय.” तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असं बोलतो. सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला, “परत कशानं येणार?” आणि तो इतका मूलभूत होता की आम्ही सगळे गप्प झालो. जेवण साडेआठला, डीजे त्यानंतर. होस्टेलच्या पोरी जिना चढून खोलीत जातील, हिला रात्रीची गाडी धरावी लागणार.

आमच्या हिनं शांतपणे जेवणाचा मेनू वाचला. पनीर, मंचुरियन, जिरा राइस, गुलाबजाम. चष्मा काढून म्हणाली, “नांदेडात जेवायला पैसे कामून लागायलेत? गुरुद्वाऱ्यात लंगर आहे की.” खोटं नव्हे. पूर्णेवरून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसला तर वाटेतल्या स्टेशनांवर लंगर थेट डब्यापर्यंत येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय, पोटानंही.

“आजी, तिथे डीजे नसतो.”

“म्हणूनच तर अंगी लागतं.”

खरी अडचण पैशाची नव्हती, हे मला गाडीच्या डब्यामुळं कळलं. अपडाउन करणाऱ्यांचा डबा ज्यानं पाहिला नाही त्याला ते कळायचं नाही. रोजचे मास्तर, बँकेतले, कचेरीतले, कोपऱ्यात रमीवाले, आणि पोरी. मासिक पास खिशात आहे म्हणून बसायला जागा मिळते असं नाही. पासानं फक्त डब्यात राहता येतं. जागा माणसं देतात. आमची नात पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून गेली. पुढे दोन-चार दिवसांत लिंबगावला उतरणाऱ्या एका बाईंनी तिला आपली खिडकी नेमून दिली, तिसऱ्या वर्षाच्या पोरींनी तिच्या डब्यातलं लोणचं संपवलं, आणि कुठल्या सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं नाही हेही सांगितलं. स्वागत म्हणतात ते झालं होतं. त्याला पट्टी लागली नाही.

हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तेच तर म्हणते, आबा. डब्यात मी आहे. कॉलेजात नाही. चारला तास सुटला की आम्ही स्टेशनकडे पळतो, आणि जे काय होतं ते चारनंतर होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे ज्यावर हसतात ते आम्हाला कुणी तरी समजावून सांगावं लागतं.”

यावर माझ्याकडे कुठलाही नियम नव्हता.

मग तिनंच तोड काढली. रेल्वेच्या घरातली पोर. डब्यातल्या सगळ्या पोरापोरींच्या सह्या घेतल्या आणि आयोजकांकडे अर्ज केला, की आम्ही अपडाउनवाले रात्री थांबू शकत नाही, न खाल्लेल्या जेवणाचे आणि न ऐकलेल्या डीजेचे पैसे आम्ही देणार नाही, तरी आम्हाला अंतराप्रमाणे भाडं लावावं. दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी तिसऱ्या दिवसाचा दुपारी तीन ते पाच असा खास पास निघाला, १५० रुपये. मी पैसे काढून दिले आणि मनातल्या मनात तिला खात्यात बढती दिली.

राहिला कपड्यांचा प्रश्न. तिसऱ्या दिवसाची थीम होती काळा रंग. सूनबाई बाजारात जायला निघाल्या तर नात म्हणाली, “कशाला? आबांचा कोट आहे ना.”

तो कोट पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत होता. उजवा खिसा पावती पुस्तकानं कायमचा फुगलेला, डाव्या खिशाच्या तळाशी निळ्या शाईचा डाग, छातीवर बिल्ल्याच्या टाचणीची दोन भोकं, आणि कोपरांवर अशी चकाकी की त्यात गाडीचा नंबर वाचता यावा. तिनं बाह्या दुमडून तो अंगावर चढवला. ऑगस्टच्या उकाड्यात. मी म्हटलं, जीव जाईल. ती म्हणाली, हे व्हिंटेज आहे. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “कोटाबद्दल बोलायली ती, तुमच्याबद्दल नाही.”

पुढचं सगळं मला रात्री तिनं सांगितलं. तीनचा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांमुळं सव्वापाचला सुरू झाला. दारावरच्या पोरानं यांच्या पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाला, तुमची वेळ पाचला संपली. डब्यातल्या बाकीच्या पोरी रडवेल्या झाल्या. ही पुढे झाली. “गाडी लेट झाली म्हणून तिकीट बाद होत नाही,” तिनं सांगितलं. वाद सुरू झाला, आवाज वाढले. तेवढ्यात मागून आलेल्या पोरांच्या घोळक्यानं दारात काळा कोट पाहिला आणि काही न विचारता मनगटं पुढे केली. एकानं दुसऱ्या हातातलं कॉलेजचं ओळखपत्रही दाखवलं. तो दारावरचा पोरगा बिचारा दुपारपासून एकटाच होता. त्यानं हिला म्हटलं, ताई, तुम्ही इथंच थांबा, तुमच्या सगळ्या पोरी आत सोडतो.

अशी ती गाडीची वेळ होईपर्यंत दारात उभी राहिली. कार्यक्रम दारातूनच पाहिला. फॅशन शो, दोन नकला, एका सरांचं किशोरकुमारचं गाणं. पाहुण्यांचं भाषण झालं नाही, त्यांनाही गाडी धरायची होती.

“दोघं विनापट्टी सापडले, आबा.”

मी खुर्चीत सरसावून बसलो. “मग?”

“चुडाव्याचे होते. आपल्याच डब्यातले. आत सोडलं.”

“सोडलं? दंड नाही काही?”

“केला की. कार्यक्रम संपायच्या आधी दोघांना स्टेशनवर पळवलं, आम्हा सगळ्यांना जागा धरायला.”