चौपन्न ग्रॅमचे सबनीसकाका

तुमच्या सोसायटीतही एक असेलच. हातातली पिशवी बघून "केवढ्याला घेतलंस?" विचारणारा, आणि आकडा ऐकल्यावर जरा थांबून नुसतं "बरं" म्हणणारा. त्या 'बरं'नंतर घरी नेलेली वस्तू गोड लागत नाही. आमच्याकडे हे खातं सबनीसकाका सांभाळतात. भाजी, दूध, रिक्षा यांवर ते फुटकळ बोलतात, पण त्यांचा खरा अभ्यास अंड्यांचा.

सकाळी जिन्यात भेटले की "आज पुणे पाचशे सत्तर" म्हणतात. नव्या भाडेकरूंना वाटतं, शेअर बाजार. तो असतो एनईसीसीचा शेकड्याचा भाव. अंडी खा म्हणून दूरदर्शनवर आपल्या मागे लागलेली तीच ती १९८२ सालची कमिटी. ती रोज शहरागणिक भाव जाहीर करते आणि सबनीसकाका तो दात घासायच्या आधी बघतात. "फार्मवर पाच सत्तर, मग हा सात कसे लावतो?" मध्ये घाऊकवाला असतो, टेम्पो असतो, फूटतूट असते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी विचारायचं.

आणि मग तो काटा. सोनाराकडे असतो तसला, खिशात मावणारा. चष्म्याच्या घरामागे शर्टाच्या खिशात त्याची कायमची जागा. कोपऱ्यावरच्या दुकानात काका शिरले की दुकानदार पोऱ्याला गल्ल्यावर बसवून चहाला जातो. काका ट्रेमधून एकेक अंडं उचलून काट्यावर ठेवतात. "बघ, हे चौपन्न. आणि हे पंचेचाळीस. दोन्ही सातलाच!" मग हिशेब: चौपन्नवालं ग्रॅमला तेरा पैसे, पंचेचाळीसवालं साडेपंधरा. मागे चार माणसं ब्रेडसाठी ताटकळलेली. "अ‍ॅगमार्कप्रमाणे ६० च्या वर एक्स्ट्रा लार्ज, ५३ ते ५९ लार्ज, ४५ ते ५२ मीडियम, ३८ पासून स्मॉल," हे ते रांगेकडे तोंड करून सांगतात. मुद्दा बिनतोड आहे. आपल्या दुकानांत ट्रेवर ना ग्रेड लिहिलेली असते ना वजन. अंडं म्हणजे अंडं, नगावर भाव. त्यामुळे सकाळी साडेसातला येणारा चौपन्न ग्रॅमची नेतो आणि आठला येणारा उरलेली. साडेसातला कोण येतं, हे सांगायला नको.

'गावरान' शब्दावर तर त्यांचा वेगळाच राग. तपकिरी अंडं पंधरा रुपयांना मिळतं म्हटल्यावर त्यांनी विक्रेत्याला विचारलं, "कोंबडी कुठली?" तो म्हणाला, मुळशीची. "मुळशीत कुठे?" तो गप्प. "अहो, रंग जातीवर असतो. तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात बसूनच घालतात. कवचाच्या रंगाचे आठ रुपये कसले?" एवढं बोलून काटा काढला. भरलं एक्केचाळीस. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता.

लग्नावरून आठवलं. त्या लग्नातही नाश्त्याच्या काउंटरवर उकडलेली अंडी होती. पुढचं लिहीत नाही.

बुर्जीच्या गाडीवरचं मात्र लिहायलाच हवं. गाडीवाल्याचा हात असा चालतो की काकांनी काटा काढेपर्यंत दोन अंडी एका हाताने फुटून कांद्यात मिसळलेली होती. मला वाटलं, आज सुटका. काकांनी वाकून टोपलीतली टरफलं उचलली, झटकली, काट्यावर ठेवली. बारा ग्रॅम. "कवच साधारण दहावा-अकरावा हिस्सा. म्हणजे दोन्ही मिळून सव्वाशेच्या आसपास. चांगली आहेत रे तुझी." गाडीवाल्याने तवा खरवडता खरवडता माझ्याकडे असं पाहिलं, की यांना घरून कोणी न्यायला येणार आहे का? बुर्जी गार झाली. खाताना काका म्हणाले, "कवचाला पांढरं चिकटलं होतं, ते वजा करायला हवं होतं."

माणूस चुकीचा असता तर सोपं होतं. आमच्या घरी अमेरिकन पाककृतीवरून केलेला केक विटेसारखा झाला, तेव्हा काकांनी तुकडा तोंडात घालून विचारलं, "अंडी किती?" तीन. "त्यांचं लार्ज सत्तावन्न ग्रॅमचं, फोडल्यावर पन्नास. तुझं अठ्ठेचाळीसचं, फोडल्यावर बेचाळीस-त्रेचाळीस. अर्धं अंडं कमी पडलं तुला." पुढच्या वेळी आम्ही फोडलेली अंडी वजन करून घातली आणि केक फुलला. ही गोष्ट आम्ही त्यांना अजून कळू दिलेली नाही.

भावाचं गणित त्यांना फक्त एकदा दगा देतं, तेही दर वर्षी. श्रावणात खप पडतो, भाव उतरतो, हे त्यांना सहन होत नाही. पण काकू श्रावण पाळतात. म्हणून काका पिठोरी अमावस्येच्या संध्याकाळी उतरत्या भावात दोन ट्रे आणतात. आता अमावस्येनंतर हरतालिकेपर्यंत मोजून दोन दिवस, मग गणपती. माणसं दोन, दिवस दोन, अंडी साठ. गणपतीत फ्रिजमध्ये अंडं दिसलं तर काकू काकांना बाहेर काढतील. मग दुसऱ्या दिवशी रात्री काका घरोघरी अंडी पोचवतात. पैसे घेत नाहीत. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने ग्रॅम लिहिलेले असतात.

आणि ते २०२० चं प्रकरण. कोंबडीने कोरोना होतो या आवईने भाव कोसळले होते, आणि टाळेबंदीत आमचं दुकान बंद. काकांनी कुठल्याशा फार्मवाल्याला फोन करून गेटपाशी टेम्पो आणवला. तोंडाला पंचा बांधून पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले आणि सहा-सहाच्या पुड्या बांधल्या. लहान-मोठी अशी जुळवली की प्रत्येक पुडी तीनशे वीसच्या आसपास भरावी. भाव फार्मचाच. कोणी वजन करून बघणार नव्हतं, कोणाकडे काटाच नव्हता. तडकलेली सगळी स्वतःच्या घरी नेली, हे मला वॉचमनने सांगितलं. काकांनी फक्त "केवढ्याला मिळाली बघ" एवढंच ऐकवलं, तेही महिनाभर.

परवा मी त्यांना त्यांच्याच भाषेत छेडलं. "काका, अंड्याला काटा लावता. फ्लॅट घेताना लावलात का?" आमची इमारत रेराच्या आधीची. अकराशे स्क्वेअर फूट सुपर बिल्ट-अप म्हणून विकलेली, आत चालून बघा म्हणजे कळेल.

"मोजला ना," काका म्हणाले. "ताबा मिळाला त्या दिवशी टेप लावली. कार्पेट सातशे ब्याऐंशी."

"मग?"

"मग गेलो ऑफिसात. एसी होता. बिल्डर स्वतः उठून उभा राहिला, काका म्हणाला, खुर्ची दिली, पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. फाइल मांडीवर होती माझ्या. बोलताच येईना रे." ट्रेमधलं एक अंडं उचलून ते उगाचच उजेडात धरून बघत राहिले. "एक पेढा तिथे खाल्ला. एक हिच्यासाठी रुमालात बांधून आणला. त्याच आठवड्यात हा काटा घेतला."

"आणि पेढा?"

"अठरा ग्रॅम," काका म्हणाले, आणि पोऱ्यावर ओरडले, "अरे, वरचा ट्रे नको, खालचा काढ!"