तालुक्याचा विकास कसा मोजावा? (नवशिक्यांसाठी)

ठाण्याच्या जिल्हा नियोजन कार्यालयात नव्याने रुजू झालात आणि साहेबांनी फर्मावलं, "शहापूर-मुरबाडचं टिपण उद्या टेबलावर पाहिजे"? घाबरू नका. कसारा लोकलमध्ये पाय न ठेवता, मुरबाडची एसटी न पकडता हे काम होतं.

आधी सरासरीवर विश्वास ठेवायला शिका. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं उत्पन्न काढतं, तालुक्याचं नाही. हे आपल्या पथ्यावरच पडतं. 2011 च्या जनगणनेत शहापूर तालुक्यात सुमारे 3.14 लाख आणि मुरबाडात 1.9 लाख लोक होते. 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात 80 लाखांच्या वर. म्हणजे सोळांत एक. पंधरा जणांनी ठाणे, कल्याण, नवी मुंबईत जे कमावलं, त्यातला वाटा डोळखांबकडच्या पाड्यावरल्या सोळाव्याच्या नावावर आपोआप चढतो. त्याला कळवायची आवश्यकता नसते.

कोणी 'अनुशेष' (विकासातली राहिलेली तूट) म्हणालं तर दांडेकर समितीचं नाव घ्या. 1984 च्या त्या अहवालाने जिल्हा हे एकक धरून 3,186 कोटींचा अनुशेष काढला. 1994 मध्ये विकास मंडळं आली, 2013 मध्ये केळकर समितीचा अहवाल. विदर्भ-मराठवाडा एका बाजूला, 'उर्वरित महाराष्ट्र' दुसऱ्या. ठाणे उर्वरितात, आणि शहापूर-मुरबाड त्या उर्वरितातलं उर्वरित. दांडेकरांचं जिल्ह्याचं एकक तिथवर उतरत नाही, चहा घ्या.

आता पाणी. इथे नवशिके हमखास गोंधळतात, म्हणून सावकाश.

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी मुंबईला 1892 पासून जातंय. आज एकट्या भातसातूनच मुंबईची जवळपास अर्धी तहान भागते. ते पाणी शुद्ध होऊन नळाला आलं, त्यावर हॉटेलं आणि कारखाने चालले, की त्याचं मूल्य मुंबईच्या खात्यात जमा. उगमाचा रकाना तक्त्यात नसतो. मार्च उलटला की त्याच शहापुरातल्या पाड्यांना टँकर लागतो. टँकर येतो, आटलेल्या विहिरीत पाइप सोडून मोकळा होतो, आणि काठावर ताटकळलेल्या बायका तेच गढूळ पाणी पोहऱ्याने शेंदून हंड्यात ओततात. नीट पाहा: ड्रायव्हरचा पगार, ठेकेदाराचा नफा, सगळं उत्पन्नात धरलं जातं. डोक्यावर हंडा घेऊन दोन खेपा केलेल्या बाईचे श्रम मात्र त्या हिशेबात नाहीत. म्हणजे विहीर भरलेली राहिली असती तर कागदावर जिल्ह्याची अर्थव्यवस्था तेवढी लहान झाली असती. टंचाईला नावं ठेवण्याआधी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

स्थलांतराचंही असंच सोपं आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. विटा तिकडे मोजल्या जातात, उचलीचं कर्ज इकडे राहतं. दोन्ही एकाच जिल्ह्यात, त्यामुळे तुमचा ताळा चुकत नाही. पोरांच्या बुडालेल्या शाळेसाठी दुसरं खातं आहे.

नियोजनाचा भाग त्यामानाने किरकोळ. नीती आयोगाच्या आराखड्यात मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था 140 अब्ज डॉलरवरून 2030 पर्यंत 300 अब्जांवर न्यायची आहे. या प्रदेशाच्या नकाशात भिवंडी, कल्याण, अंबरनाथ आहेत. शहापूर-मुरबाड रेषेच्या बाहेर. पाण्याच्या नळाला मात्र ती रेषा आडवी येत नाही. टिपणात 'समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो' हे वाक्य अवश्य घाला. 'जातो' हे क्रियापद अचूक आहे. मुरबाडसाठी औद्योगिक वसाहत, माळशेजचं पर्यटन आणि म्हसा यात्रेचा बैलबाजार पुरे. रेल्वेबद्दल 'मंजूर' लिहून पुढे चला.

मग 31 मार्च येईल, निधी खर्ची पडेल, आणि ऑक्टोबर ते जूनचा पाणीटंचाई कृती आराखडा नव्याने मागवतील. तो कोऱ्या कागदावर करत बसू नका. कपाटातली मागची फाइल काढा, साल बदला, गावांची यादी तशीच राहू द्या.