मंडपवाल्यांच्याही आधी

गेल्या वैशाखात मी एका लग्नाला मंडपवाल्यांच्याही आधी पोहोचलो. शिडीवरचा माणूस झेंडूची माळ बांधत होता. त्यानं माझ्याकडे न बघताच माळेचं दुसरं टोक खाली सोडलं. म्हणाला, "जरा ताणून धरा." मी धरलं. सूट घालून. थोड्या वेळानं वरमाय आली आणि डेकोरेशनचे उरलेले पैसे संध्याकाळी मिळतील, असं मला सांगून गेली.

दोष माझा नव्हता, घड्याळाचा होता. बाबांचं एचएमटी जनता. सतरा ज्वेलचं, रोज सकाळी चावी द्यायची. बाबांच्या मनगटावर ते बत्तीस वर्षं शहाण्यासारखं वागलं, आणि माझ्याकडे आल्यावर वर्षभरातच दिवसाला वीस मिनिटं पुढे पळायला लागलं. सकाळच्या बातम्यांना काटे मागे घ्यायचे, असा माझा नेम होता. लग्नाच्या आठवड्यात गुरुवारपासून तो चुकला आणि रविवारपर्यंत तासभर साठला. घरात भिंतीवरचं घड्याळ आहे, पण ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं त्यावर कुणाचाच भरवसा नाही. खिशात मोबाइल होता. पण बाबांचं घड्याळ हातात असताना मोबाइलमध्ये वेळ बघायची म्हणजे बाबांच्या देखत शेजाऱ्याला वेळ विचारायची.

आईला यात नवल वाटलं नाही. "त्यांचंही असंच होतं. गाडीच्या दीड तास आधी आम्हाला स्टेशनवर नेऊन बसवायचे." एका दुरुस्तीवाल्यानं सर्व्हिसिंगचे आठशे रुपये घेतले. घड्याळ चकचकीत झालं आणि चकचकीतपणे पळत राहिलं.

शेवटी जिन्याखाली टपरीएवढ्या दुकानात बसणारे एक आजोबा सापडले. त्यांनी खणातून पोरांच्या खेळण्यातलं असावं असं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई उत्तर दिशा सोडून थरथरायला लागली.

"चुंबक लागलाय," आजोबा म्हणाले. नजर लागलीय म्हणावं त्या सुरात.

मागचं झाकण उघडून त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. आत बॅलन्सचं चाक इकडून तिकडे झुलत होतं. त्याच्यावर केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग, डासांच्या उदबत्तीसारखी गुंडाळलेली. तिची वेटोळी एकमेकांपासून सुटी राहायला हवीत. इथे दोन वेटोळी सासरी निघालेल्या मुलीनं आईला धरावं तशी एकमेकांना चिकटली होती. वेटोळी चिकटली की स्प्रिंग जणू आखूड होते, आणि झोपाळ्याच्या कड्या आखूड केल्यावर झोका लवकर येतो तसं चाक भराभर झुलायला लागतं. जनताचे ठोके तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला पाच. वीस मिनिटं पुढे जायचं म्हणजे रोज सहा हजार ठोके फुकट. माझ्या हातावर एवढी मेहनत दुसरं काहीच करत नाही.

"रात्री कुठं ठेवता?"

"उशाशी. मोबाइलवर."

आजोबांनी एक स्क्रू मोबाइलच्या कव्हरच्या झडपेजवळ नेला. टक्. झडप आपोआप मिटावी म्हणून आत चिमुकलं चुंबक असतं. म्हणजे ज्याच्याकडे बिनचूक वेळ होती, तोच रात्रभर माझ्या घड्याळाला बिघडवत होता.

औषध मात्र दहा सेकंदांचं. एक निळी डबी, तिचं बटण दाबलं की आतल्या तारेतला प्रवाह सेकंदाला शंभरदा दिशा बदलतो. बटण दाबून ठेवायचं आणि घड्याळ हळूहळू वर, दूर न्यायचं. लोखंडाला कुणाचं ऐकावं तेच कळेनासं होतं आणि ते सगळ्यांचाच नाद सोडतं. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे होताना पाहिलं आहे.

हे दुखणं जुनं आहे. शार्ल गियोम या स्विस घड्याळजीच्या मुलानं निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, की थंडी-उन्हानं घड्याळ बिघडेना. त्याला त्याबद्दल 1920 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गरमीचा प्रश्न सुटला, चुंबकाचा राहिला. मग 1956च्या सुमारास रोलेक्सनं प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी मिलगाउस काढलं, आत मऊ लोखंडाची डबी घालून. हजार गाउसपर्यंत ते डगमगत नाही. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व अर्ध्या गाउसच्या आसपास. आता तर काही घड्याळांत स्प्रिंगच सिलिकॉनची असते, तिला चुंबकाचं सोयरसुतक नाही. किमती मी पाहिल्या आणि जनताचा पट्टा घट्ट केला.

घरी मुलीचं होकायंत्र घेऊन मी निघालो. सगळीकडे शत्रू. फ्रीजच्या दाराच्या रबरात चुंबक, दारावर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, हिच्या पर्सच्या खटक्यात, टीव्हीच्या स्पीकरमध्ये. शेवटी राहिला देव्हारा. पितळी देवांपाशी सुई गप्प होती, पण गायत्री मंत्र म्हणणाऱ्या डबीजवळ जाताच तिनं मान फिरवली. आत स्पीकर. डबी हलवायला आईनं साफ नकार दिला. आजोबांना फोन केला. म्हणाले, वीतभर अंतर पुरे, चुंबकाचा जोर लांब गेलं की झपाट्यानं उतरतो.

तेव्हापासून घड्याळ रात्री बाळकृष्णाच्या डाव्या हाताला, डबीपासून मोजून एक वीत लांब असतं. दिवसाला जेमतेम वीस सेकंद इकडेतिकडे होतं. फक्त आई पूजा लवकर आटपते. त्यामुळे मी ऑफिसला निघताना आधी काचेवरचं मोगऱ्याचं फूल उचलतो, मग बाराच्या आकड्यावरचं कुंकू पुसतो आणि मगच किती वाजले ते दिसतं.